गौरीची पावलं कोण काढतं? पोरांना खरं कधी सांगायचं

गणपती गेले, चाकरमानी गेले, घर रिकामं झालं की ह्या सदराकडे पत्रांचा, मेलचा, व्हॉट्सअ‍ॅपचा नुसता पूर येतो. यंदा गंमत म्हणजे बऱ्याच जणांचा प्रश्न फिरून फिरून एकच, की सणावाराला आपण पोरांना जे खरं म्हणून सांगतो त्यातलं खरंखोटं सांगायचं कधी, आणि काहींना तर आत्तापासून नाताळचं टेन्शन आलंय. म्हणून सासवासुना, लग्नं, कर्ज, जमिनीचे वाद हे सगळं पुढच्या अंकात. नावं कोणाचीच छापत नाहीये कारण ह्यातली बरीच पोरं आता वाचायला लागलीयत.

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्याकडे तेरड्याच्या गौरी असतात. सासूबाईंची पद्धत अशी की गौर आली त्या रात्री पोरं झोपली की तुळशीपासून मखरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढायची आणि सुपाखाली हिरव्या बांगड्या ठेवायच्या, सकाळी पोरींना सांगायचं की रात्री गौर घरभर फिरली आणि बांगड्या तिने आणल्या. माझी मुलगी ८ वर्षांची आहे. यंदा ती त्या पावलांजवळ उकिडवी बसून बघत राहिली आणि मला म्हणाली, आई, गौरीच्या पायात पण बांगड्या असतात का गं, टाचेच्या मागे रेघ उमटलीय. मला काही सुचेना, मी म्हटलं पैंजण असतील. दुपारी परत आली, खरं सांग, तू काढलीस ना. तेवढ्यात मुंबईची माणसं आली आणि विषय राहिला. सासूबाई म्हणतात अजिबात सांगायचं नाही, आज हे खोटं म्हणेल उद्या देव खोटा म्हणेल. मिस्टर म्हणतात तुमचं तुम्ही बघा. मी काय करू?
— एक आई, गुहागर तालुका

उत्तर : ऐनवेळी पैंजण सुचले ह्याबद्दल तुमचं कौतुक, पण पोरगी काय पैंजणांवर गप्प बसणारी दिसत नाही.

आधी तिने नेमकं काय विचारलंय ते बघा. गौर खरी आहे का असं तिने विचारलेलंच नाही. पावलं तू काढलीस का, एवढंच विचारलंय. म्हणजे तुमच्या हातांनी केलेल्या कामाबद्दल विचारलंय. आणि ह्या सगळ्या प्रकारात माझं म्हणणं एकच आहे जे तुम्हाला ह्या पानावर परत परत दिसेल, की जे आपण आपल्या हातांनी केलं ते पोराने सरळ विचारलं की कबूल करायचं, आणि जे आपण मानतो ते 'आम्ही मानतो' म्हणून सांगायचं, दोन्हीची खिचडी करायची नाही. पावलं तुम्ही काढलीत, बांगड्या बाजारातून तुम्ही आणल्यात, तेव्हा हो म्हणायचं.

वय किती असावं ह्याचं काही कोष्टक नसतं हो. पाच वर्षांचं पोर विचारतं गौर कशी आली, त्याला गोष्ट हवी असते, त्याला तुम्ही 'तुला काय वाटतं' म्हणून उलट विचारलंत तर ते स्वतःच पुढची गोष्ट रचून सांगेल आणि ती तुमच्यापेक्षा भारी असेल, रचू दे. पण टाचेमागची बांगडीची रेघ दाखवून खरं सांग म्हणणाऱ्या आठ वर्षांच्या पोरीला 'तुला काय वाटतं' विचारणं म्हणजे शुद्ध पळवाट, कारण तिला काय वाटतं ते तिने सांगून झालंय. पुराव्यासकट. अशा पोरीशी तुम्ही आता खोटं बोललात तर गौरीचं काही बिघडणार नाही, तुमच्या शब्दाचं बिघडेल, आणि पुढे तेरा-चौदाव्या वर्षी तिला तुम्हाला विचारायचे प्रश्न पावलांपेक्षा फार अवघड असणार आहेत, तेव्हा ती विचारायला तुमच्याकडेच यायला हवी.

आता सासूबाई. त्यांची भीती मी हसण्यावारी नेत नाही, पण त्यांनाच जरा आठवण करून द्या. तेरडा कुठे उगवतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहितीय? पऱ्याच्या कडेचा, बांधावरचा तेरडा भर पावसात मुळासकट उपटून आणायचा, त्या मुळांनाच गौरीची पावलं मानायचं, मग दारात विचारायचं गौर कशाच्या पावलांनी आली आणि आणणारीने सांगायचं सोन्यामोत्याच्या पावलांनी. विचारणारीला आणि सांगणारीला दोघींनाही दिसत असतं की हातात तेरडा आहे, मुळांना चिखल आहे. तरी त्या क्षणाला घरातल्या बाया गलबलतात की नाही? मूळ नक्षत्रावर गौर निघाली की डोळे पुसतात की नाही? मग चिखल दिसूनसुद्धा सासूबाईंची श्रद्धा साठसत्तर वर्षं टिकलीय तर नातीची एका रेघेने कशाला जाईल.

म्हणून मी सुचवते की हे नातीला सासूबाईंनीच सांगावं. तुम्ही सांगितलंत तर 'आईने आजीचं खोटं उघडं पाडलं' असा रंग चढेल आणि घरात नवीनच काहीतरी सुरू होईल. आता घरात गर्दी नाही, एखाद्या संध्याकाळी आजीने तिला जवळ घेऊन सांगावं की पावलं आम्ही काढतो, माझ्या लहानपणी आमच्याकडे अमकी काढायची, ती अशी काढतात. आणि मग लगेच पीठ कालवून शिकवावं. मुठीची करंगळीकडची बाजू पिठात बुडवून टेकवायची, वर बोटांच्या टोकांनी पाच ठिपके, दोन्ही मुठी आळीपाळीने म्हणजे डावं-उजवं बरोबर पडतं, आणि पीठ फार पातळ झालं की पाऊल फिसकटतं. पुढच्या वर्षी वाटी तिच्या हातात. बांगड्या आधी काढून ठेव हे तिला सांगायची गरज पडणार नाही.

ह्यानंतर कधीतरी तिने खरंच विचारलं की मग गौर खरी का खोटी, तर तुम्ही स्वतः जे मानता तेच सांगा. मानत असाल तर मानते म्हणा. नक्की नसेल तर 'आजी मानते, माझं अजून ठरत नाही' हे पण चालतं. आठ वर्षांच्या पोरांना मोठ्यांचं ठरत नाही ह्याचा धक्का वगैरे काही बसत नाही, उलट त्यांना बरं वाटतं.

प्रश्न : माझा भाचा ४ वर्षांचा आहे. जेवायला त्रास दिला, झोपला नाही की वहिनी आणि आई दोघी मोबाईलवर शिमग्यातल्या संकासुराचा व्हिडिओ लावतात आणि सांगतात संकासुर तुला न्यायला येतोय. आता तो संध्याकाळी एकटा पडवीतसुद्धा जात नाही, घुंगराचा आवाज आला की किंचाळतो. मी बोलले तर म्हणतात आम्ही पण असेच मोठे झालो, अजून लहान आहे, मोठा झाला की कळेल. शिमग्याला खेळे दारात येतील तेव्हा काय होणार?
— आत्या, दापोली

उत्तर : इथे वाट बघायची नाही. वरच्या पत्रात मी म्हटलं पोराने विचारेपर्यंत थांबा, ते पिठाच्या पावलांसाठी. भीतीच्या गोष्टीला हा नियम नाही, ती आजच बंद करायची, ज्यांनी घातली त्यांनीच सांगायचं की संकासुर पोरांना नेत नाही, आम्ही उगाच म्हणत होतो. चार वर्षांच्या पोराला एकदा सांगून पुरत नाही, दहादा सांगावं लागेल, आणि तो व्हिडिओ मोबाईलमधून उडवा.

मला राग ह्याचाही येतो की त्यात बिचाऱ्या संकासुराची बदनामी होते. काळा झगा, उंच निमुळता मुखवटा, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात फटका, गोमूबरोबर नाचत दारोदार फिरणारा आणि पोरांना पळवत सुटणारा हा प्राणी म्हणजे आमच्या दापोली-गुहागर-चिपळूणकडची केवढी मोठी मजा! पोरं आधी त्याला चिडवतात मग तो मागे लागला की ओरडत पळतात, आणि जरा मोठी झालेली पोरं झग्याखालचे पाय ओळखतात, अरे हा तर अमक्याचा बाबा. ओळखून सुद्धा पळतात. पालखीपुढे सगळा गाव हे करत असतो, आत कोण आहे हे माहिती असून. ह्यात कोणाला फसवलं जात नाही.

भाच्याचं म्हणाल तर शिमग्याच्या आधी खेळ्यांमधल्या ओळखीच्या माणसाला विचारून बघा. काही ठिकाणी एकदा वेष चढवला की त्याला देवाचा मान असतो, मग मध्येच मुखवटा काढायला लावणं बरं दिसत नाही, तेव्हा आधीच एखाद्या दिवशी, दिवसाउजेडी, झगा अंगणात ठेवलेला असताना पोराला न्या. घुंगरं त्याला हातात घेऊन वाजवू देत. माणूस आधी दिसला पाहिजे, नुसता. मग झगा. मग मुखवटा चढवताना. मग काढताना. त्याने नको म्हटलं की तिथेच थांबायचं, उचलून जवळ नेऊन 'बघ बघ काही करत नाही' असला प्रकार करायचा नाही. यंदा तो आत्याच्या कडेवरूनच बघेल, बघू दे.

प्रश्न : आम्ही वसईचे, कॅथलिक. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ५ वर्षांची. मागच्या नाताळात सांताने आणलेला रिमोटचा ट्रक मुलाला हवा होता तोच होता म्हणून तो फार खूश होता. आता माळ्यावर सामान काढताना त्याला त्याच ट्रकचं दुकानाचं बिल सापडलं, त्यावर माझं नाव. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग म्हणाला, तुम्ही चर्चमध्ये शिकवता खोटं बोलू नये आणि तुम्हीच बोलता, आता मी बेबीला पण सांगणार. मिसेसला त्यापेक्षा वेगळीच काळजी लागलीय, ती म्हणते आज सांता खोटा म्हणतोय, उद्या येशूबद्दल पण हेच म्हणाला तर? नाताळ जवळ येतोय, प्लीज लवकर उत्तर द्या.
— एक पप्पा, वसई

उत्तर : बिल जपून ठेवणारा नवरा मिळाल्याबद्दल मिसेसचं अभिनंदन.

आता सिरीयसली. मुलाची सॉरी म्हणून माफी मागा, आणि पुढे 'पण' लावू नका. 'पण आम्ही तुझ्या आनंदासाठीच' हे त्याला माहितीय, ट्रक मिळाला तेव्हा तो खूश होताच. त्याला राग कशाचा आलाय तर घरातल्या सगळ्यांना माहिती होतं आणि आपण एकटेच येडे ठरलो ह्याचा. हे नऊ वर्षांच्या मुलाला फार लागतं. मी ऐकून घेतलं, तुझं बरोबर आहे, ट्रक मी आणला, एवढंच बोला.

तुमच्या माहितीसाठी, १९९४ साली अमेरिकेत टेक्सास विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ५२ मुलांशी ह्याच विषयावर बोलून एक अभ्यास छापला होता. मुलांना सांताचं साधारण सातव्या वर्षाच्या आसपास कळलेलं, बहुतेकांना आपलं आपण कळलेलं, आणि मुलं त्याबद्दल बऱ्यापैकी चांगलंच बोलली. वाईट जास्त कोणाला वाटलं होतं तर आईबापांना! त्यामुळे तुमचा मुलगा दोन दिवसांत बोलायला लागला ह्यात मला नवल वाटत नाही, पत्रात जास्त दुःखी तुम्हीच वाटताय.

मिसेसच्या प्रश्नाला मात्र मी पटकन हातावेगळं करणार नाही कारण तो खरा प्रश्न आहे. इथे सुद्धा वेगळं काय आणि कशाचं ते मुलापुढे मांडा. संत निकोलस नावाचे बिशप चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी होऊन गेले, ते गाव आजच्या तुर्कस्तानात येतं, चर्चमध्ये त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. त्यांची कथा अशी सांगतात की एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं पैशावाचून अडली होती तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, आपलं नाव कळू दिलं नाही. ह्यांच्यावरून हॉलंडमध्ये सिंटरक्लास झाला, त्याचा अमेरिकेत सांताक्लॉज झाला, १८२३ साली तिथल्या एका पेपरात छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअरची गाडी दिली, आणि तो लाल कोटातला गुबगुबीत हसरा आजोबा जो आपण बघतो तो १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींनी घराघरात पोचवला. लाल कोट त्याच्या आधीही होता, पण पक्का त्यांनी केला. म्हणजे हे सगळं गेल्या दोनशे वर्षांतलं. आणि वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ ला, चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला १७३९ ला, म्हणजे कविता छापून यायच्या आधी शेकडो वर्षं तुमच्या गावात नाताळ होत होता, मध्यरात्रीची मिस्सा होत होती, आणि त्यात कोणी रेनडिअरची वाट बघत नव्हतं. हे मुलाला असंच सांगा. सांता गेला म्हणून तुमचा नाताळ कुठे जात नाही, तो सांताच्या आधीपासूनचा आहे. आणि येशूवर आम्ही विश्वास ठेवतो, त्याचं बिल आम्ही माळ्यावर लपवलेलं नाही, हा फरक नऊ वर्षांच्या मुलाला कळतो. पुढे मोठा होऊन त्याबद्दलही प्रश्न विचारेल. विचारू दे, फादरना पण विचारू दे.

जाता जाता एक. १८९७ साली न्यूयॉर्कच्या एका आठ वर्षांच्या मुलीने 'द सन' नावाच्या पेपरला पत्र लिहून विचारलं होतं की मैत्रिणी म्हणतात सांता नाही, मला खरं सांगा. तिच्या पप्पांनीच तिला सांगितलं होतं की 'सन'मध्ये छापून आलं की खरं समज. संपादकांनी अग्रलेख लिहून उत्तर दिलं की हो आहे, तो अग्रलेख आजही लोक काढून काढून वाचतात. लिहिलाय सुंदर, वाद नाही, प्रेम आणि औदार्य आहे तसाच तो आहे वगैरे. पण पोरीने खरं सांगा म्हणून लिहिलं होतं हो, आणि मला ते उत्तर तिच्या प्रश्नाचं वाटतच नाही, मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं वाटतं. शिवाय बापाने जबाबदारी पेपरवर ढकलली ती ढकललीच (तुम्हीही मला पत्र लिहिलंय हे माझ्या लक्षात आहे).

बेबीचं काय? ती पाच वर्षांची आहे, तिने अजून विचारलेलं नाही, चालू दे. मुलाला सांगा की आता तू आमच्या बाजूला आलास, बेबीचं गिफ्ट पॅक करायला, ठेवायला तू पाहिजेस. निकोलसची कथा सांगितलीत की हे काम त्याला आवडेल असं मला वाटतं, नाव कळू न देता द्यायचं. मात्र एक जपा, त्याला खोटं बोलायला लावू नका. बेबीने त्यालाच सरळ विचारलं तर त्याने 'पप्पाला विचार' म्हणायचं आणि उत्तर तुम्ही द्यायचं. आपलं निस्तरायला नऊ वर्षांच्या पोराला पुढे करायचं नाही.

आणि बेबीसाठी सुद्धा जे आहे ते वाढवू नका. सांताचा फोन, सांता बघतोय शहाण्यासारखी वाग, हे नको, ते वर दापोलीच्या पत्रातल्या संकासुरासारखंच झालं, फक्त कोट लाल. मोठी गिफ्ट पण सांताच्या नावावर टाकू नका, ती मम्मी-पप्पांची म्हणून द्या. सांताकडून चॉकलेट, रंगपेटी, बास. का सांगते, शेजारच्या घरी मच्छीचा सीझन वाईट गेलेला असतो आणि तिथल्या पोराला सांता पेन्सिलचं पाकीट देतो आणि तुमच्याकडे रिमोटचा ट्रक देतो, त्या पोराने मग काय समजायचं, आपण वाईट वागलो?

प्रश्न : मुलगा ६ वर्षांचा. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्यावर फिरायला गेलो तर वाळूत मूर्तींचे तुकडे पडलेले, एक हात, एक सोंड. मुलगा रडायला लागला, बाप्पा गावाला गेला नाही का, त्याला लागलं का. मी घाईत सांगितलं की तो बाप्पाचा जुना ड्रेस आहे, समुद्र परत देतो. आता तो रोज विचारतो की ड्रेसमध्ये हात कसा असेल. आपला बाप्पा पण असा फुटला का, हे पण विचारतो. खरं सांगायला सहा वर्षं लहान नाहीत का?
— एक बाबा, रत्नागिरी

उत्तर : ड्रेस परत घ्या. त्याने तुकडे डोळ्यांनी बघितलेत, त्यावर ड्रेस चढत नाही.

तुम्हाला नवीन काही रचायची गरजच नाही कारण आपल्या पूजेत हे सगळं आधीच आहे. चतुर्थीला गुरुजी प्राणप्रतिष्ठा करतात तेव्हा मूर्तीत बाप्पाला बोलावतात. निघताना उत्तरपूजा होते, अक्षता वाहतात, परत या म्हणून सांगतात आणि मूर्ती जागेवरून जराशी हलवतात. तिथे बाप्पा निघाला. त्यानंतर आपण पाण्यावर नेतो ती मूर्ती, माती. मानणारा माणूस एवढंच मानतो आणि हे सहा वर्षांच्या पोराला व्यवस्थित समजतं, 'बाप्पा घरातूनच गावाला गेला, आपण मूर्ती सोडायला गेलो होतो, त्याला लागलं नाही'. तुम्ही हे मानत असाल तर असं सांगा.

मग तुकडे का पडलेत, हे पण सांगा, हे मानण्या न मानण्याचं नाही. शाडूची माती पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिस लवकर विरघळत नाही, भरतीला लाटा ते आपटतात, फोडतात आणि किनाऱ्यावर आणून टाकतात. ती मूर्ती प्लास्टरची होती. तुमची कशाची होती ते तुम्हाला माहिती असेलच. प्लास्टरची असेल तर 'हो, आपला पण फुटला असेल' हे म्हणायला जड जाईल, म्हणा तरी. आणि पुढच्या वर्षी शाडूचा लहान आणा, घरी बादलीत विसर्जन करा, पोराला समोर बसवा. अर्ध्याएक दिवसात माती तळाला बसते, ते पाणी आणि माती माडाच्या आळ्यात घाला.

त्याच्याही आधी, श्रावणात त्याला गणपतीच्या शाळेत घेऊन जा. आपल्याकडे अजून गावोगाव आहेत ह्या शाळा, लोक आपापला पाट मूर्तिकाराकडे नेऊन देतात आणि त्याच पाटावर मूर्ती घडते. आमच्याकडची पोरं शाळा सुटली की दप्तरासकट तिथे जाऊन बसतात, मातीचा गोळा बघतात, बिनसोंडेचा गणपती बघतात, रंग दिलेला पण डोळे नसलेला बघतात, मूर्तिकार शेवटी डोळ्यांची आखणी करतो तेव्हा श्वास रोखून उभी राहतात, कधी कोणाला उंदीर रंगवायला मिळतो. आपला बाप्पा मातीचा कसा झाला हे ह्या पोरांना पायरीपायरीने माहिती असतं, आणि हीच पोरं चतुर्थीला तो डोक्यावरून घरी आणताना सगळ्यात मोठ्याने मोरया ओरडतात. रेडिमेड मूर्ती खोक्यातून घरी आली की मात्र सगळंच गूढ होऊन बसतं आणि मग तुम्हाला ड्रेस वगैरे सुचायला लागतात.

प्रश्न : आम्ही मुंबईत असतो, गणपतीला लांज्याला गावी जातो. मुलगी ११ वर्षांची आहे आणि अजून दरवर्षी बाप्पाला चिठ्ठी लिहून मखरात मागे ठेवते, गुपचूप मी ती काढून घेतो आणि मागितलेलं दिवाळीपर्यंत आणून 'बाप्पाने पाठवलं' म्हणून देतो. ती कधीच काही विचारत नाही. आता सहावीत गेली, वर्गात हसतील तिला. मी स्वतःहून सांगू का?
— एक वडील, मुंबई

उत्तर : अकरा वर्षांच्या मुलीला माहिती आहे हो. बहुतेक ती तुमच्यासाठी लिहितेय, तुम्ही चिठ्ठी काढायला मखरामागे हात घालता ते तिने कधीच बघितलं असणार. मुद्दाम समोर बसवून काही सांगू नका, दोघांनाही उगाच कसंतरी होईल. पुढच्या वर्षी चिठ्ठीला लेखी उत्तर द्या, अक्षर न बदलता, आणि खाली सही 'बाबा' अशी करा. मागितलेलं परवडत नसेल तर तेही त्यातच लिहा.